ॲड-ऑनचा ताबा घेताना

नाशिकच्या गंगापूर रोडवर रेल्वे सोडून सगळे आहे. अशोक स्तंभावरून निघालेला हा रस्ता केटीएचएम कॉलेज, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर करत धरणाच्या दिशेने जातो. वाटेत कॉलेजे, दवाखाने, क्लासेस, मंगल कार्यालये, मिसळीची ठिकाणे लागतात, पण रूळ कुठे दिसत नाही. नाशिक रोड स्टेशन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. हे अंतर जुने दुखणे आहे. 1889 मध्ये मेन रोडपासून स्टेशनपर्यंत घोड्यांनी ओढायची ट्राम घातली गेली ती याचसाठी, आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तीही बंद पडली. इकडच्या रेल्वेवेड्याला रोज गाडी हवी असेल तर घरातला संगणक हीच त्याची लोकोशेड.

या शेडमध्ये येणारी इंजिने मात्र अनेकदा नादुरुस्त अवस्थेतच दाखल होतात. सेलमध्ये हजारभर रुपये मोजून ट्रेन सिम्युलेटरसाठी नवा रूट घ्यावा, रात्रभर डाउनलोडला लावावा आणि पहिल्याच प्रवासात तिसऱ्या स्टेशनाचा सिग्नल लाल व्हावा तो लालच राहावा. दारे उघडतात पण बंद होत नाहीत. समोरून येणारी गाडी अर्धी फलाटात बुडून निघून जाते. अर्ध्यावर सेव्ह केलेला प्रवास दुसऱ्या दिवशी उघडला तर इंजिन ढिम्म. मग रात्री एक वाजता एका ओळीचा शिवीवजा अभिप्राय लिहिला जातो. तोवर परताव्याची मुदत संपलेली असते, आणि त्या एका ओळीतून कंपनीच्या प्रोग्रामरला दुरुस्त करण्याजोगे काहीही हाती लागत नाही. पैसे गेले, रागही वाया गेला.

यातले बरेचसे टाळता येते. त्यासाठी खऱ्या लोको पायलटची एक सवय उचलावी लागते. ड्युटीवर आलेला लोको पायलट इंजिनात चढून लगेच गाडी सोडत नाही. आधीच्या माणसाने लॉगबुकात काय लिहिले आहे ते वाचतो, हॉर्न आणि दिवे पाहतो, वाळूच्या पेट्या पाहतो, ब्रेकचा दाब पाहतो, गाडीचे ब्रेक पॉवर सर्टिफिकेट घेतो आणि मगच ताबा घेतो. घरच्या संगणकावर ॲड-ऑन, म्हणजे मूळ खेळाला जोडायचा रूट किंवा इंजिन, घेणारा याच्या नेमके उलट करतो. पहिले दोन तास देखावा पाहण्यात घालवतो आणि ब्रेक तिसऱ्या तासाला तपासतो.

हे दुखणे या खेळांच्या जन्मापासूनचे आहे. मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर 2001 मध्ये आला. तो कुजू या ब्रिटिश स्टुडिओने बनवला होता. इंग्लंडमधला सेटल-कार्लाइल, अमेरिकेतला मारियास पास, जपानचा हिसात्सू असे सहा रूट त्यात होते. पुढचा भाग मायक्रोसॉफ्टने दोनदा जाहीर केला आणि दोन्ही वेळा गुंडाळला. दुसऱ्या वेळी, 2009 मध्ये, स्टुडिओच बंद झाला. मधल्या काळात मूळ खेळातले कित्येक दोष एका हौशी माणसाने काढले. त्याची ‘एमएसटीएस बिन’ नावाची अनधिकृत दुरुस्ती जगभरच्या खेळाडूंनी बसवून घेतली. पुढे याच जुन्या खेळाचे रूट आणि इंजिने चालवणारे ओपन रेल्स हे मोफत सॉफ्टवेअर स्वयंसेवकांनी उभे केले. भारतीय इंजिने आणि डबे घरबसल्या चालवणारे पुष्कळजण आज त्यावरच आहेत.

पैसे देऊन घेतलेल्या मालाचीही हीच कथा. ऑस्ट्रेलियातल्या एनथ्रीव्ही कंपनीने ‘ट्रेन्झ: अ न्यू एरा’साठी 2013 मध्ये चाहत्यांकडूनच वर्गणी गोळा केली. मे 2015 मध्ये खेळ आला तेव्हा तक्रारींचा ढीग पडला आणि तो एकामागून एक सर्व्हिस पॅक काढून उपसावा लागला. ब्रिटनच्या डव्हटेल गेम्सचा ट्रेन सिम वर्ल्ड हा खेळ 2022, 2023 आणि 2024 अशा तिन्ही सप्टेंबरांत नवा आकडा लावून बाजारात आला. 17 सप्टेंबर 2024 ला आलेल्या पाचव्या भागावर लंडन ते मिल्टन कीन्स या रूटसह नाराजीचे अभिप्राय पहिल्याच आठवड्यात उमटले. विकत घेऊन फसलेला माणूस एकटा नसतो, हे सांगण्यापुरता हा इतिहास पुरे.

दोष इतके का राहतात? पहिले कारण रचनेतच आहे. ॲड-ऑन ही स्वतंत्र वस्तू नसते. खाली खेळाचा गाभा, त्यावर रूट, रूटवर इंजिन आणि डबे, त्यावर वेळापत्रक, आणि वर आवाजाचा पॅक, असा हा सगळा डोलारा. थर वेगवेगळ्या हातांचे असतात, कधी वेगवेगळ्या कंपन्यांचेही. ट्रेन सिम वर्ल्डमध्ये जुने रूट नव्या आवृत्तीत विनामूल्य सोबत येतात ही चांगली सोय आहे, पण गाभा बदलला की काल नीट चालणारे इंजिन आज अडखळू लागते. इंजिन बनवणाऱ्याने काही केलेले नसते. गाडी फलाटात उभी असताना निघण्याचा सिग्नल न मिळणे हा दोष तर बहुधा सिग्नलचा नसतोच. पुढे कुठेतरी संगणकाने चालवलेली दुसरी गाडी अडकून बसलेली असते आणि मार्ग मोकळा होत नाही. असा दोष तपासणाऱ्याकडे दहा वेळा दिसत नाही आणि ग्राहकाकडे अकराव्या वेळी दिसतो.

दुसरे कारण तारखेचे. विक्रीची तारीख जाहीर होते, जाहिरात होते, आगाऊ नोंदणी घेतली जाते, आणि मग काम पूर्ण असो वा नसो, माल बाहेर पडतो. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर खेळणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. तिथे प्रत्येक दुरुस्तीला सोनी किंवा मायक्रोसॉफ्टची तपासणी पार करावी लागते, म्हणून तोच पॅच संगणकावर आधी पोचतो आणि टीव्हीखालच्या डब्यात नंतर.

आता विकत घेण्याआधीचे लॉगबुक. स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर ॲड-ऑनच्या पानावर एकूण अभिप्राय आणि गेल्या 30 दिवसांतले अभिप्राय वेगळे पाहता येतात. पाहायचे ते अलीकडचे. दोन वर्षांपूर्वीची बोंब कदाचित दुरुस्त झालेली असेल, आणि दोन वर्षांपूर्वीचे कौतुक नव्या गाभ्यावर लागू नसेल. त्याच पानावर बनवणारा आणि प्रकाशक अशी दोन नावे असतात. प्रकाशक मोठा असला तरी माल कोणाच्या हातचा आहे हे पहिल्या नावावरून कळते, आणि त्या हाताने आधी काय केले होते ते शोधायला पाच मिनिटे लागतात. ‘यासाठी आणखी हे लागेल’ ही बारीक अक्षरातली ओळ तर हमखास वाचावी. आर्मस्ट्राँग पॉवरहाउससारख्यांचे आवाज आणि सुधारणांचे पॅक उत्तम असतात, पण ते एखाद्या ठरावीक मूळ ॲड-ऑनवरच बसतात. मूळ वस्तू नसेल तर पॅक निरुपयोगी ठरतो, आणि तो दोष मात्र कोणाचाच नाही.

व्हिडिओ पाहायचा तर बडबड नसलेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा पाहावा. कंपनीच्या जाहिरातीत गाडी सूर्यास्ताच्या वेळी पुलावरून जाते. पावसात, रात्री, फलाटात थांबताना काय होते ते त्यात कधी दाखवत नाहीत.

आगाऊ नोंदणीबद्दल स्पष्ट मत द्यायचे तर, करू नये. दहा टक्के सवलतीसाठी आपण फुकटचा तपासनीस होतो. रूट कुठे पळून जात नाही. पहिला पॅच येईपर्यंत थांबले तर तोच माल बऱ्या अवस्थेत मिळतो, आणि पुढच्या सेलमध्ये स्वस्तही. ज्याला राहवतच नाही त्याने निदान हे जाणून घ्यावे की स्टीमवर आगाऊ नोंदवलेली वस्तू प्रकाशनापूर्वी कधीही रद्द करता येते.

आता खरा मुद्दा, पहिले दोन तास. स्टीमचा नियम असा की खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मागता येतात. ॲड-ऑनच्या बाबतीत यात एक मेख आहे आणि ती फार जणांना ठाऊक नसते. दोन तास मोजले जातात ते मूळ खेळाचे, ॲड-ऑन घेतल्यापासूनचे. म्हणजे नवा रूट घेतला आणि त्या संध्याकाळी जुन्याच जर्मन रूटवर दीड तास गाडी चालवली, तर नव्या रूटच्या तपासणीला अर्धाच तास उरला. खेळ चालू ठेवून जेवायला गेले तर तोही वेळ मोजला जातो. तेव्हा ॲड-ऑन विकत घ्यावे ते तपासायला सलग वेळ असेल त्याच दिवशी, आणि तपासणी संपेपर्यंत त्या खेळात दुसरे काही उघडू नये.

तपासणी कुठून सुरू करावी? धड्यांपासून तर नकोच. ट्युटोरियल हा ॲड-ऑनचा सर्वांत घासूनपुसून ठेवलेला भाग असतो, तिथे दोष सापडत नाहीत. इंजिन पूर्ण थंड अवस्थेतून चालू करावे. बॅटरी, पँटोग्राफ, मुख्य ब्रेकर, कंप्रेसर या क्रमाने एकेक गोष्ट जागी होते का, दाबाचा काटा हळूहळू चढतो की उडी मारतो, हे पाहावे. मग वेळापत्रकातली एखादी गर्दीच्या वेळची, मधल्या स्टेशनांवर थांबणारी सेवा घ्यावी, कारण सिग्नल आणि इतर गाड्यांचा घोळ तिथेच उघडा पडतो. दोन थांबे झाले की सेव्ह करून खेळ पूर्ण बंद करावा आणि पुन्हा उघडावा. ही एक कृती टाळल्यामुळे जितक्या जणांचे पैसे अडकले असतील तितके दुसऱ्या कशाने अडकले नसतील. सेव्हनंतर दारे कुलूपबंद होणे, सिग्नल विसरला जाणे, ब्रेकचा दाब शून्यावर येणे हे जुने, चिवट दोष आहेत. नंतर हवामान पाऊस आणि वेळ रात्र करून तोच भाग पुन्हा चालवावा. वायपर, हेडलाइट, केबिनमधला दिवा, काच बंद केल्यावर आवाज दबतो की नाही, हे सगळे दहा मिनिटांत कळते. शेवटी रूटचे शेवटचे स्टेशन. रूट बनवणारे पहिल्या टोकापासून काम सुरू करतात आणि शेवटाकडे येईपर्यंत तारीख येऊन ठेपलेली असते, हे झाडाझुडपांच्या विरळपणावरूनच दिसते.

एक सावधगिरी. अनरियल इंजिन या सॉफ्टवेअरवर बनलेल्या खेळांत पहिल्या फेरीत चित्र झटके खाते, कारण शेडर तेव्हा तयार होत असतात. तोच भाग दुसऱ्यांदा चालवल्यावरही झटके आले तरच तो तक्रारीचा विषय समजावा.

भारतीय इंजिनांची ॲड-ऑन तपासायला नाशिककरांकडे तर घरचीच कसोटी आहे, कसारा घाट. 1865 मध्ये सुरू झालेल्या या थळ घाटात कसारा ते इगतपुरी चढ 37 ला 1 इतका आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेले की एक मीटर वर. मुंबईहून येणारी लांब गाडी कसाऱ्याला थांबते ती मागून बँकर इंजिने लावायला, आणि इगतपुरीला ती सोडवली जातात. का, हे आकड्यांत पाहू. 24 एलएचबी डबे, प्रवाशांसह एका डब्याचे साधारण 50 टन धरले तर 1,200 टन झाले. त्यात डब्ल्यूएपी-7 इंजिनाचे 123 टन. या 1,323 टनांना 37 ने भागले की सुमारे 36 टन येतात. एवढी ओढ नुसता चढ मागतो, रुळावरचे घर्षण वेगळेच. आणि डब्ल्यूएपी-7 ची सुरुवातीची जास्तीत जास्त ओढ 322 किलोन्यूटन, म्हणजे 33 टनांच्या आसपास. एकटे इंजिन त्या चढावर थांबलेली गाडी हलवूच शकणार नाही.

आता मोफत मिळालेले डब्ल्यूएपी-7 घेऊन, 24 डबे जोडून, अशा चढावर उभे करून पाहावे. तासाला 60 च्या वेगाने ते ऐटीत वर चढले तर आकडे चुकलेले आहेत, मग रंगकाम कितीही सुबक असो. ओपन रेल्समध्ये हा दोष घरी दुरुस्तही करता येतो. इंजिनाची ‘ईएनजी’ फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि त्यात ‘मॅक्सफोर्स’ या शब्दापुढे किलोन्यूटनचा आकडा असतो. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून तो बदलावा आणि साठवताना एन्कोडिंग युनिकोडच, यूटीएफ-16, राहील याकडे लक्ष द्यावे.

हीच कसोटी दुसऱ्या बाजूनेही लावता येते. मुंबई-निजामुद्दीन राजधानी जानेवारी 2019 पासून नाशिकमार्गे धावते, आणि तिला पुढे-मागे अशी दोन इंजिने पुश-पुल पद्धतीने लावून बँकरचा थांबा वाचवला गेला. 10 फेब्रुवारी 2023 ला सुरू झालेली शिर्डी वंदे भारतही बँकरशिवाय घाट चढते, कारण तिची ताकद एका इंजिनात नसून डब्यांखाली वाटलेली आहे. ॲड-ऑनमधली वंदे भारत चढावर डब्ल्यूएपी-7 सारखीच धापा टाकत असेल तर बनवणाऱ्याने फक्त कातडी बदलली आहे.

ब्रेकचेही तसेच. भारतीय गाडीत ब्रेक पाइपचा दाब 5 किलो आणि फीड पाइपचा 6 किलो असतो, प्रति चौरस सेंटिमीटर. ब्रेक लावला की पहिला काटा उतरतो आणि सोडल्यावर लांब गाडीत सावकाश चढतो. 24 डब्यांचा दाब क्षणात 5 वर आला तर तो खोटा. सिग्नलांचा क्रम हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल असा यावा. न्यूट्रल सेक्शनची, म्हणजे तारेत वीज नसलेल्या तुकड्याची, पाटी आली की डीजे, म्हणजे मुख्य ब्रेकर, उघडावा लागतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा बंद करावा लागतो. तो न उघडता गाडी सुरळीत निघून गेली तर समजावे की तारेत वीज आहे की नाही याची खेळाला कल्पनाच नाही. जुन्या काळाचा हौशी असेल त्याला आणखी मजा आहे. मुंबईकडच्या 1,500 व्होल्ट डीसी विजेच्या काळात इगतपुरीला विजेचा प्रकार बदलत असे, डब्ल्यूसीजी-2 इंजिने घाटात बँकर म्हणून राबत, आणि त्याही आधीच्या डब्ल्यूसीजी-1 ला लोक ‘खेकडा’ म्हणत. खेकड्याच्या मॉडेलला आजच्या 25,000 व्होल्टच्या तारेखाली चालवणारा रूट बनवला असेल तर तो प्रामाणिकपणे काल्पनिक म्हणून सांगावा, एवढीच अपेक्षा.

दोष सापडला. तो आपला की त्यांचा? आरोप करण्याआधी हे ठरवणे भाग आहे. पहिली पायरी म्हणजे बाहेरून टाकलेले सगळे मॉड काढून पुन्हा चालवणे. दुसरी, स्टीममध्ये खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फाइलींची पडताळणी करणे. पावसाळ्यात वीज गेली आणि डाउनलोड मध्येच तुटले की फाइल अर्धवट राहते, आणि ‘रूटमध्ये पूलच नाही’ अशा तक्रारींमागे कधी कधी एवढेच असते. डव्हटेलचा जुना ट्रेन सिम्युलेटर, आता ज्याला ‘क्लासिक’ म्हणतात, तो जड रूटवर अचानक बंद पडत असेल तर तो 64 बिटमध्ये उघडला आहे ना हे पाहावे. ती आवृत्ती ऑक्टोबर 2018 मध्ये आली. जुन्या 32 बिट प्रोग्रामला 4 जीबीच्या वर मेमरी वापरताच येत नाही, घरात कितीही असो.

ट्रेन्झमध्ये प्रत्येक वस्तूला क्युइड नावाचा क्रमांक असतो आणि एक रूट अशा शेकडो क्रमांकांवर उभा असतो. कंटेंट मॅनेजर उघडून त्या रूटच्या ‘मिसिंग डिपेंडन्सीज’ पाहिल्या की काय गळाले आहे ते नावानिशी कळते, आणि बऱ्याचदा ते कंपनीच्या डाउनलोड स्टेशनवर मोफत मिळते. ओपन रेल्स डेस्कटॉपवर एक लॉग फाइल ठेवते. ती कोणी उघडत नाही, पण न सापडलेला डबा, न सापडलेला आवाज, सगळे तिथे ओळीने लिहिलेले असते. नवा रूट उघडताच रूळ गायब असतील तर संशयित जवळजवळ नेहमी एकच असतो, जुनी ‘टीसेक्शन’ फाइल. तिची अलीकडची आवृत्ती ग्लोबल फोल्डरमध्ये टाकली की रूळ परत येतात.

एवढे करूनही दोष उरला तर तो खात्रीने त्यांचा. मग तक्रार लिहायची, आणि ती अशी लिहायची की वाचणाऱ्याला स्वतःच्या संगणकावर तोच दोष दिसावा. ‘गेम भंगार आहे’ ही तक्रार नव्हे. चांगली तक्रार साधारण अशी दिसते: ‘विंडोज 11, खेळाची अमुक आवृत्ती, मॉड नाहीत, फाइली पडताळल्या. अमुक रूट, टाइमटेबल मोड, सकाळी 7.12 ची सेवा, केबिनमधून सुरुवात. दुसऱ्या स्टेशनात दारे उघडून बंद केली. निघण्याचा सिग्नल मिळायला हवा होता, तो लालच राहिला. नकाशात पुढच्या ब्लॉकमध्ये मालगाडी उभी दिसते. तीन वेळा केले, तिन्ही वेळा झाले. सेव्ह केल्याशिवायही होते. चित्र जोडले आहे.’ यात विशेषण एकही नाही. एका तक्रारीत एकच दोष लिहावा, कारण सात दोषांची यादी कंपनीत सात टेबलांवर फिरते आणि कुठेच पोचत नाही. तक्रार सोप्या इंग्रजीत असावी. व्याकरण चुकले तरी चालते, वेळ आणि ठिकाण चुकायला नको. ती कंपनीच्या सपोर्ट तिकिटातून पाठवावी, म्हणजे क्रमांक मिळतो. नुसत्या अभिप्रायाला क्रमांक नसतो.

पैसे परत हवे असतील तर मात्र तक्रारीच्या उत्तराची वाट पाहू नये. ‘पुढच्या पॅचमध्ये बघू’ या उत्तरात 14 दिवस सहज निघून जातात. आधी परतावा मागावा, पॅच आल्यावर पुन्हा घ्यावे. स्टीम मंजुरीनंतर साधारण आठवड्याभरात पैसे परत करते. ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत पाठवणे शक्य नसेल तर स्टीम वॉलेटमध्ये जमा होतात. दुसऱ्या संकेतस्थळावरून स्वस्तात ‘की’ घेतली असेल तर स्टीम हात वर करते, आणि ते नियमात बसते. प्लेस्टेशनवर डाउनलोड सुरू केले की सदोष माल सोडून परतावा नाही, त्यामुळे तिथे दोषाचा पुरावा आधी हवा. फोनवरच्या भारतीय ट्रेन खेळांत गूगल प्लेवरून घेतलेल्या वस्तूंसाठी 48 तासांच्या आत मागणी करणे सोयीचे.

विक्रेता दादच देत नसेल तर भारतातल्या ग्राहकाला कायदा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येतच डिजिटल उत्पादने आली आहेत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही आणि तक्रारदार राहतो तिथेच, म्हणजे नाशिककराला नाशिकमध्येच, दाद मागता येते. एका रूटपायी आयोगाची पायरी चढावी का, हा ज्याच्या त्याच्या चिकाटीचा प्रश्न आहे. 1915 ला फोन करायला मात्र चिकाटी लागत नाही, आणि त्यासाठी पावती, सपोर्ट तिकिटाचा क्रमांक आणि वर सांगितलेली तक्रार एवढे पुरते.

मोफत ॲड-ऑनचा हिशोब वेगळा. तिथे ग्राहक कोणी नाही. भारतीय इंजिने, आयसीएफचे डबे, स्टेशनांच्या पाट्या बनवणारे लोक नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रात्री बसतात. त्यांच्या कामावर हक्काने ओरडणे शोभत नाही. तरीही एक प्रकार तिथे सर्रास चालतो आणि त्यावर बोलायलाच हवे. दुसऱ्याचे मॉडेल उचलायचे, रंग बदलायचा, मूळ फाइली अर्ध्या गाळायच्या आणि स्वतःच्या नावाने गठ्ठा वाटायचा. डबे न दिसणे, आवाज नसणे, चाके न फिरणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा अशा गठ्ठ्यांत असते. सोबत रीडमी फाइल नाही, मूळ निर्मात्याचे नाव नाही, कोणत्या फाइली आधी बसवायच्या त्याचा उल्लेख नाही, तर तो गठ्ठा उघडूच नये. मूळ निर्मात्याचे पान शोधावे. तिथे बहुधा नवी, दुरुस्त आवृत्ती पडून असते.

नवी आवृत्ती बसवण्याआधी जुना फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावा. स्टीमवरच्या खेळांसाठी ‘खेळ उघडतानाच अपडेट कर’ हा पर्याय निवडावा, म्हणजे जुनी प्रत उतरवण्याआधीच पॅच गुपचूप बसणार नाही.

आणि ज्याला मोफत निर्मात्यांना खरोखर मदत करायची आहे त्याच्याकडे नाशिकमध्ये एक गोष्ट आहे जी बाहेरच्यांकडे नाही. बनवणाऱ्यांना नेहमी कमी पडतात ते खरे आवाज आणि खरी चित्रे. बँकर जोडल्यावर पहिला धक्का किती वेळाने लागतो, घाटातल्या बोगद्यात हॉर्न कसा घुमतो, इगतपुरीच्या फलाटावरच्या पाटीचा पिवळा नेमका कोणता, हे कसाऱ्याहून येणाऱ्या गाडीत खिडकीशी बसून साध्या फोनवर टिपता येते. तारीख, गाडी आणि इंजिनाचा क्रमांक फाइलच्या नावातच लिहावा. रुळावर किंवा बोगद्याच्या तोंडाशी उतरून मात्र नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली विनापरवाना हद्दीत शिरण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि फलाट तिकीट दहा रुपयांना मिळते.